कॅरोब खा हवं तर, पण त्या फॉरवर्डवर विसंबून झाडं लावू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या कॅरोबबद्दल एक मेसेज फिरतोय. कॅरोब म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं एक झाड; त्याच्या शेंगांची पूड कोकोऐवजी वापरतात. मजकूर थोडक्यात असा: ‘चॉकलेटमधलं कॅफिन मुलांना विषासारखं. त्याऐवजी कॅरोबच्या शेंगांची पूड द्या. दुधाच्या तिप्पट कॅल्शियम, साखर शून्य, पोषणात चॉकलेटच्या कितीतरी पुढे. याची प्रत्येक बी तंतोतंत एका वजनाची, म्हणून पूर्वी हिरे तिनेच तोलत. झाड कोकणात कुठेही येतं, एकदा लावा आणि पिढ्यान्‌पिढ्या खा.’

खाली फोटो आहे तो बहाव्याच्या शेंगांचा. लांब, गोल, काळ्या नळीसारख्या. कॅरोबची शेंग चपटी आणि जेमतेम वीतभर असते. बहाव्याचा गर रेचक आहे, तेव्हा फोटो बघून कुणी रस्त्याकडेच्या झाडाची शेंग कुटून मुलाच्या दुधात घालणार असेल तर आधी थांबा.

आता कॅफिन. कॅरोबमध्ये ते नसतं, हे खरंच आहे. पण चॉकलेटमध्ये असतं तरी किती? मिल्क चॉकलेटच्या 10 ग्रॅमच्या तुकड्यात 2 मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे सकाळी चहात बटर बुडवून खाणारं पोर अर्ध्या कपातच 15-20 मिलिग्रॅम पोटात घालतं, आणि तो चहा बहुतेकदा हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या आजीनेच दिलेला असतो. गडद चॉकलेटात कॅफिन जास्त, 100 ग्रॅमला 80 मिलिग्रॅमपर्यंत. ज्यांची त्याने झोप उडते त्यांना कॅरोबचा उपयोग आहे. घरच्या कुत्र्यालाही आहे, कारण कोकोतलं थिओब्रोमिन हे कॅफिनच्या जातीचं द्रव्य कुत्र्यांना बाधतं आणि कॅरोब त्या बाबतीत निर्धोक.

‘दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’ हा आकडा खोटा नाही, फसवा आहे. 100 ग्रॅम कॅरोब पुडीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, 100 ग्रॅम गाईच्या दुधात साधारण 120. पण दूध आपण पेलाभर पितो आणि पूड चमचाभर घालतो. मोठा चमचा म्हणजे सुमारे 6 ग्रॅम पूड, त्यातून मिळालं 20 मिलिग्रॅम. पेलाभर दुधात त्याच्या दहापट तरी असतंच. आणि 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅम हा आकडा कोकणातल्या माणसाला ओळखीचा वाटायला हवा. आपल्या नाचणीत जवळपास तेवढंच कॅल्शियम असतं! फरक इतकाच की नाचणीची भाकरी होते. 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 170-180 मिलिग्रॅम. ते सगळं अंगाला लागतं असं नाही. नाचणीत फायटेट आहे, कॅरोबमध्ये टॅनिन, आणि असे घटक खनिजं अंगी लागण्याच्या आड येतात. तरी भूमध्य समुद्रापलीकडून पूड आणून चमच्याने मोजण्याएवढी वेळ नाचणी पिकणारी वरकस जमीन असलेल्या घरावर आलेली नाही.

पोषणाची तुलना पुडीशी पुडी करून बघू. बिनसाखरेच्या कोको पुडीत 100 ग्रॅमला लोह 14 मिलिग्रॅमच्या आसपास, कॅरोबमध्ये 3. मॅग्नेशियम कोकोत सुमारे 500, कॅरोबमध्ये 54. कॅरोब पुढे आहे ते कॅल्शियममध्ये. शिवाय तिच्यात तेल जवळजवळ नाही. तंतू दोन्हींत भरपूर.

‘साखर शून्य’ हे मात्र सरळ खोटं, आणि मधुमेह असलेल्यांना धोक्याचं. कॅरोब पुडीच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग साखर असते. वरून घातलेली नाही, शेंगेतलीच, पण साखरच. कोको पुडीत ती 2 टक्क्यांच्याही आत. कॅरोबच्या तयार वड्या घेणार असाल तर वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. पुडीत स्निग्धांश नसल्याने वडी जमवायला बहुतेकदा पामच्या बियांचं तेल घालतात, म्हणजे पुडीतला तो एक फायदाही गेला.

हिऱ्यांची गोष्ट मला आवडते, पण बिया मोजून पाहणाऱ्यांना त्यांच्या वजनात इतर झाडांच्या बियांइतकाच फरक आढळला. तो अभ्यास 2006 चा आहे.

उरलं ‘कोकणात कुठेही येतं’. खिशाला चाट बसेल ती इथे. कॅरोब कोरड्या उन्हाळ्याचं आणि हिवाळी पावसाचं झाड. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्याला पुरतो, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो. त्याच्या मूळ मुलखात शेंगा ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होऊन झाडावरच वाळतात. आपल्याकडे त्या दिवसांत वळईखालचं सरपणसुद्धा वाळत नाही. शिवाय बहुतेक झाडं नर किंवा मादी अशी वेगळी असतात, त्यामुळे बी रुजवून आलेलं झाड शेंगा देईल की नाही हे फुलोऱ्यापर्यंत कळत नाही, आणि त्यालाही कित्येक वर्षं जातात.

जागा मोकळीच असेल आणि हापूसखेरीज काही लावायचं असेल, तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्रात जाऊन ‘लाखी बाग’ बघून या. नारळात जायफळ, मिरी, दालचिनी कशी बसवलीय ते तिथे झाडाखाली उभं राहून विचारता येतं. कॅरोबची रोपं विकणाऱ्याला मात्र एकच विचारा: चार पावसाळे काढून शेंगा दिलेलं झाड कोकणात कुठे दाखवता?