कडुलिंबाचा लेप आणि माझ्या लेकीचा भांग

सकाळी घरच्या ग्रुपवर चुलतबहिणीने तिच्या मुलाच्या डोक्याचा फोटो टाकला. गोल चट्टा, त्यावर पांढरे पापुद्रे आणि मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके. पाच मिनिटांत सल्ले सुरू. कडुलिंब वाट, लसूण चोळ, तेलात कापूर घाल. वर "गोळ्या नको हं, लिव्हर खराब होतं." फोन आपटावासा वाटला.

ते काळे ठिपके मी ओळखते. माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर ते होते आणि त्यांवर मी महिनाभर कडुलिंबाचा लेप लावला. लेप वाळला की ती म्हणायची, "आई, ओढतंय." मी म्हणायचे, थांब गं, गुण येतोय.

अहो, हा डोक्यातला नायटा आहे, साधा कोंडा नाही! ही बुरशी केसाच्या मुळात आणि केसातही शिरते. लेप सोडाच, नुसतं मलमही तिथवर पोचत नाही. औषध पोटातूनच जावं लागतं, ग्रिसिओफुल्विन नाहीतर टर्बिनाफिन, तेही कित्येक आठवडे. नैसर्गिकच हवं असेल तर ग्रिसिओफुल्विन १९३९ मध्ये एका बुरशीतूनच मिळालं. आणि मनाने स्टेरॉइडचं मलम तर लावूच नका, लाली दबते आणि आतून नायटा पसरतो.

प्रयोगशाळेत कडुलिंब बुरशीला रोखतो, मान्य. लिव्हरची काळजीही अगदीच खोटी नाही, पण त्यासाठीच तर डॉक्टर वजन बघून डोस ठरवतात, गरज वाटली तर रक्त तपासतात.

सल्ले देणाऱ्या आत्यावर खरं तर राग नाही. तिने आम्हा सगळ्यांची डोकी मायेने चोळलीत. मीही मायेनेच लावत होते की लेप. पण महिन्याभराने लेकीच्या डोक्यावर मऊ, पुवाने भरलेली सूज आली, मानेत गाठी आल्या. डॉक्टरांनी खरवडून नमुना घेतला, गोळ्या दिल्या, घरातल्या सगळ्यांची डोकी तपासली, कंगवे-टॉवेल वेगळे करायला लावले. शाळा बंद करायची गरज नाही म्हणाले. त्या वेळी मला रडू फुटलं, कारण मी तिला आधीच दहा दिवस घरी कोंडून ठेवलं होतं.

नायटा गेला. सुजेच्या जागी व्रण राहिला, बोटाच्या पेराएवढा. तिथे केस येत नाहीत. ती आता बारा वर्षांची आहे, भांग डावीकडे पाडते आणि आरशात दोनदा बघते.

ग्रुपवर भांडले नाही. बहिणीला सरळ फोन लावला. उद्या सकाळची त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळालीय. तिने विचारलं, "तोवर काय लावू?" म्हटलं, काही लावू नकोस गं, नुसतं धुऊन घेऊन जा.