रिकामी खाट म्हणजे उधळपट्टीच का?

'महासाथीसाठी आयसीयूच्या खाटा राखून ठेवणं म्हणजे पैसा पाण्यात' हा एका लेखाचा सूर मला अर्धाच पटला. मुळात हिशेब नुसत्या खाटेचा नसतो. व्हेंटिलेटर घेऊन गोदामात ठेवता येतो, पण अतिदक्षता विभागात तयार झालेली नर्स अशी ठेवता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये लंडनच्या एक्सेल प्रदर्शन केंद्रात कोविडसाठी नाइटिंगेल हे तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं. ४,००० खाटांपर्यंत जायची तयारी होती, पण पहिल्या लाटेत तिथे ५४ रुग्णांवरच उपचार झाले. नेहमीच्या रुग्णालयांनी स्वतःच खाटा वाढवल्या हे एक कारण, आणि दुसरं, माणसं आणायची कुठून?

शिवाय सगळ्या राखीव खाटा एका भावाने कशा मोजणार? पहिल्या काही खाटा दर मोठ्या साथीत भरतील, शेवटची कदाचित लाटेच्या शिखरावर चार दिवस. तिच्यामुळे वाचलेल्या रुग्णांच्या आयुष्यातल्या प्रत्येक वर्षामागचा खर्च साहजिकच कितीतरी जास्त. त्यात रुग्ण तीन दिवसांत दुप्पट होत असतील तर दुप्पट खाटांनी मिळतात फक्त तीन दिवस! (हे गणित लेखात हवं होतं.)

पण खाटा नेहमीच ९५ टक्के भरलेल्या ठेवल्या तर साध्या फ्लूच्या हंगामातही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात. तो खर्च लेखकाने कुठे धरलाय? मला तरी दिसला नाही. त्यापेक्षा वॉर्डातल्या नर्सना दरवर्षी थोडे दिवस आयसीयूत काम द्या, ऑक्सिजनच्या लाइन आधीच टाकून ठेवा. रिकाम्या खाटेपेक्षा हे स्वस्त पडेल.