एवढे पैसे टाकून तंबूत का झोपायचं?

ले मान्सहून परत आल्यापासून जो तो हेच विचारतोय. मुलुंडच्या काकांनी तर काळजीने विचारलं, "हॉटेल मिळालं नाही का रे?"

मिळालं असतं काका, पण आम्ही चौघांनी मुद्दाम घेतलं नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, ले मान्सला जाऊन हॉटेलात राहायचं असेल तर घरी टीव्हीवर रेस बघावी. पडद्यावर जास्तच दिसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही फ्रान्समधली चोवीस तासांची रेस, 1923 पासूनची. जूनमध्ये शनिवारी दुपारी चारला सुरू होते आणि रविवारी चारला संपते. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवतात. ट्रॅक 13.6 किलोमीटरचा, म्हणजे चर्चगेटहून निघालात तर माहीम मागे पडेल एवढा, आणि त्यातला बराचसा एरवी साधा सार्वजनिक रस्ता. सगळ्यात वेगवान गाड्या हे अंतर साडेतीन मिनिटांत कापतात. (माहीमला आपला एक सिग्नल सुटतो तेवढ्यात.) पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, तासाभरात पोचता, स्टेशनावरून ट्राम थेट सर्किटपर्यंत जाते.

आता मुद्दा. चोवीस तास ही रेस अख्खी कुणीच बघत नाही. बघायची नसतेच. अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक सकाळी निघते ती दुसऱ्या दिवशी चौपाटीला पोचते. तेवढा वेळ कोणी रस्त्यात उभं राहतं का? घरी येऊन जेवतो, डुलकी काढतो, ताशा ऐकू आला की परत खाली उतरतो. ले मान्स अगदी तसंच, आणि त्यासाठी मुक्काम गल्लीतच हवा. आमचा तंबू ट्रॅकला लागूनच असलेल्या मेझाँ ब्लांश या कॅम्पिंगच्या जागेत होता. भात शिजत असतानाही गाड्यांचे आवाज ओळखू यायला लागले. कॅडिलॅकचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आलं की छातीत गडगडायचं. फेरारी त्यापुढे सुसंस्कृत वाटायची. इंग्रजी कॉमेंट्री एफएमवर 91.2 ला लागते, शेजारच्या प्रत्येक तंबूत तीच चालू.

तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे खरी रात्र उशिरा सुरू होते. मध्यरात्रीनंतर आम्ही आर्नाजच्या वळणावर गेलो. हे ट्रॅकवरचं सगळ्यात संथ वळण, गाड्या तिथे जोरात ब्रेक मारतात. अंधारात आधी नुसते दिवे येतात, मग चाकांच्या आत ब्रेकच्या चकत्या लालभडक पेटलेल्या दिसतात, आणि गाडी वळून निघून गेल्यावर जळक्या रबराचा वास मागे राहतो. कुंपणाशी बसलेल्यांत निम्मे लोक ब्लँकेट गुंडाळून पेंगत होते. कुणी हाकललं नाही की "यहाँ बैठना मना है" म्हणालं नाही.

आणि मला हेच सगळ्यात जास्त भिडलं. साधं जनरल तिकीट काढलं तरी जवळपास सगळीकडे हिंडता येतं. जेवण बरोबर न्या, खुर्ची न्या, शुक्रवारी गावातून निघणारी ड्रायव्हरांची परेड तर फुकट. तीन लाखांवर माणसं येतात आणि त्यांना माणसासारखं वागवतात. आपल्याकडे मॅचला जा, गेटवर पाण्याची बाटली काढून घेतात आणि आत तेच पाणी चढ्या भावाने विकतात. सुरक्षेचं कारण मला मान्य नाही असं नाही. ले मान्सने तर 1955 च्या रेसमधल्या अपघातात ऐंशीहून जास्त माणसांचा मृत्यू पाहिलाय, सुरक्षा त्यांना कुणी शिकवायला नको. पण सुरक्षा वेगळी आणि प्रेक्षकाला संशयित समजणं वेगळं. ग्रेटर नोएडात 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा जर्मन ड्रायव्हर सेबास्टियन फेटेल जिंकला, मग करांच्या वादात अडकून गाडी थांबली ती थांबलीच. सर्किट उत्तम होतं. पण तिथे मित्रांबरोबर तीन दिवस पडीक राहावं, अशी सोय करायचं कुणाच्या डोक्यात आलं होतं का?

तंबूत सगळं छान असतं असंही नाही. आंघोळीच्या रांगेपुढे विरारची फास्ट बरी. पहाटे थंडीने दात वाजतात, जमिनीला उतार असेल तर रात्रभर मित्राच्या अंगावर घरंगळता. पण शेजारचे इंग्रज आजोबा खुंट्या ठोकायला हातोडी घेऊन स्वतःहून आले, आणि मोबदल्यात मेतकूट-भात दोनदा मागून घेऊन गेले.

जायचं असेल तर व्हिसाची तारीख आधी बघा, कॅम्पिंगचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि चांगल्या जागा लवकर संपतात. गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, तिथेच घ्या. कानात घालायला बोळे न्या. आणि काका, तुम्ही येत असाल तर गादीची सोय मी करतो.