दुकानमालकाचं उत्तर : मॅट केलेल्या सुरीवरच्या डागांबद्दल

नमस्कार ताई,

आमच्या दुकानाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. गुरुवारी देतो म्हटलेली सुरी शनिवारी मिळाली, हे खरं आहे. सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा होती, आमचं दुकान नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर, आणि जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला कारागीर कामावर येत नाहीत. तीनशे रुपये तुम्हाला जास्त वाटले, त्यावरही वाद घालत नाही.

पण ‘चकाकी घालवायच्या नावाखाली पातं खरवडलं, आठवड्यात गंजलं’ हे वाचून फार लागलं.

तुम्ही रेसिपीचे व्हिडिओ करता, वरचा लाइट पात्यावरून थेट मोबाईलमध्ये चमकतो, म्हणून तुम्ही सुरी मॅट, म्हणजे बिनचकाकीची, करून मागितलीत. बफिंगच्या मोटरवर हे काम चटकन उरकतं. पण पातळ पातं मोटरवर जास्त तापलं तर धारेचं पाणी, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरतं, मग कितीही धार लावा, टिकत नाही. म्हणून आम्ही हातानंच करतो. धारेवर टेप, लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), वरून पाणी सोडत आधी जाडसर 220, मग 400, शेवटी बारीक 600 नंबर, तेही मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेनं. उलटसुलट घासलं की चरे एकमेकांवर चढतात आणि पातं कळकट दिसतं. तुमच्या पात्यावरची रेघ एकसारखी आहे, फोटो मोठा करून बघा. याला खरवडणं म्हणत नाहीत.

आता गंजाचं. चकाकी काढली म्हणून स्टील बदलत नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम किमान 10.5 टक्के असतं, त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर घासल्यावरही हवेत आपोआप पुन्हा धरतो. मात्र गुळगुळीत पात्यावरून पाणी निथळतं, तर मॅट पात्याच्या बारीक रेघांत ते थांबतं. मीठ, लिंबाचा रसही थांबतो. म्हणूनच सुरी हातात देताना सांगितलं होतं, वापरली की लगेच धुवा, कोरडी पुसा, आणि लोखंडी तारेची घासणी अजिबात लावू नका. त्या घासणीचे कण रेघांत अडकतात आणि मग गंज धरतो तो त्या कणांना.

तुम्हीच टाकलेल्या दुसऱ्या फोटोत सुरी बेसिनमध्ये ओली पडलीय आणि शेजारी तांबूस झालेली तारेची घासणी आहे. पात्यावर नुसते ठिपके आहेत, तेही मधल्या पट्ट्यात. मुठीलगत, जिथं घासणी पोचत नाही, तिथं एकही नाही. पेपर मात्र आम्ही तिथंही मारलाय. आमच्या कामानं गंज आला असता तर तिथंही आला असता ना, ताई?

युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांच्या कात्र्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे धारेला येतात. हातावरचं पोट आहे. एक स्टार बघून नवं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही.

सुरी घेऊन या. डाग काढून पुन्हा 600 चा हात मारून देतो, पैसे घेणार नाही. सूचनांची चिठ्ठी सोबत द्यायचंही बघतोय, आणि जत्रेच्या दिवसांत तारीख जरा सांभाळून सांगू. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. तुमच्यासमोरच करून देतो, म्हणजे हात कसा चालतो ते तुम्हालाही दिसेल.