‘तिर्लोट’ या एका शब्दापायी अडकलेलं माझं दुकान

“भंगारात घाला ताई,” म्हणाला तो कॉम्प्युटरचा दुकानदार. माझ्या टायपिंगच्या दुकानातल्या लॅपटॉपचं झाकणसुद्धा उघडलं नाही. खालचं स्टिकर वाचलं, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आणि निकाल देऊन मोकळा. वर नव्याचा भाव सांगितला, पंचेचाळीस हजार. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

अरे, बिघडलंय काय त्यात? २०१७ साली घेतलेलं मशीन आहे. मध्ये एसएसडी टाकली, रॅम आठ जीबी केली, कीबोर्ड एकदा बदलला. देवगडच्या खाऱ्या हवेत यूएसबीच्या पोर्टांना हिरवं चढतं, बिजागऱ्या गंजतात. जून ते सप्टेंबर मशीन रोज तासभर चालू ठेवावंच लागतं, काम असो नसो, नाहीतर आत ओल धरते. एवढं सांभाळून मी ते जगवलंय. वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, देवस्थानच्या सभेच्या नोटिसा, लग्नपत्रिका, मार्च उजाडला की आंब्याच्या पेट्यांची लेबलं, सगळं त्याच्यावर. आजही बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात उघडतं. आणि हा माणूस मला भंगार म्हणतो!

कारण काय, तर विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ माझ्या मशीनवर बसत नाही. इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. एका पिढीनं हुकलं माझं. वर्षभराची जादा मुदत देतात, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यानंतर? माझ्याकडे लोकांची आधार कार्डं आहेत, बँकेची पासबुकं स्कॅन केलेली आहेत, जमिनीच्या वाटपाचे मसुदे आहेत. ते सगळं सुरक्षेच्या अपडेटशिवाय नेटला जोडून ठेवू? माझ्या मनाला ते पटत नाही. लोक विश्वासानं कागद हातात देतात. मग उरतं काय, तर चालतं मशीन टाकून द्यायचं आणि कर्ज काढून दुसरं आणायचं. पावसाळ्यात इथे दिवसाला धंदा किती होतो हे त्या दुकानदाराला माहीत आहे का?

म्हणून लिनक्स, विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी प्रणाली. भाचा पुण्याला असतो, त्याच्याच बोलण्यातून हे डोक्यात आलं. “मावशी, फॉरमॅट मार आणि मिंट टाक. दहा मिनिटांचं काम.” दहा मिनिटं! मला खरंच राग येतो या बोलण्याचा. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, ज्याला आयुष्यात कधी दुसऱ्याचं मृत्युपत्र टाइप करायला लागलं नाही, त्यानं दहा मिनिटं म्हणू नये.

तरी मी आडमुठेपणा केला नाही. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, उतरवून घेतलं, फाइल साधारण तीन जीबीची. ते पेन ड्राइव्हवरूनच चालू करून बघता येतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. दुकान बंद केल्यावर रात्री चालवलं. आणि जे दिसलं ते मी मोकळेपणानं सांगते, लिनक्सची मला काही भीती वाटली नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, फोल्डर तसेच. वायफाय लगेच लागलं. टर्मिनल नावाची काळी खिडकी मी एकदाही उघडली नाही. कीबोर्डच्या यादीत भारताच्या खाली मराठी आधीच होतं, वेगळं काही आणायला लागलं नाही. ज्याला भंगार म्हटलं होतं ते मशीन त्या रात्री छान चाललं.

मग माझी फाइल उघडली.

तिर्लोट गावच्या एका म्हाताऱ्यांचं मृत्युपत्र, गेल्या वर्षी केलेलं. आले की आधी विचारतात, “माझा कागद तुझ्या मशीनीत आसा मां गो?” आसा, म्हणते मी. त्या रात्री तो कागद पडद्यावर आला, तर मराठीचं एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, अवतरणचिन्हं, सगळा चिवडा. चार पानं तशीच.

आता हे का होतं ते नीट सांगते, कारण इथेच लोक लिनक्सला शिव्या देतात आणि दोष भलत्याचाच असतो. मी टाइप करते कृती देव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये. माझ्यासारखे कितीतरी टायपिस्ट, झेरॉक्सवाले, वकिलांचे कारकून अजून त्यातच किंवा तसल्याच फॉन्टांत टाइप करतात. त्या फाइलीत मराठी मुळात साठवलेलीच नसते. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. ‘मराठी’ हा शब्द त्या फाइलीत ई, जे, के, बी, एच असा आहे. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. चौदा वर्षं मी मराठी लिहितेय असं मला वाटत होतं, आणि माझ्या डिस्कवर मराठीत एक शब्द नाही. हे कळलं तेव्हा मी त्या खुर्चीत रडले.

फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली की जुना कागद दिसतो, ते मी केलं. दिसला. पण नवं टाइप करायला घेतलं आणि ‘महाराष्ट्र’पाशी अडकले. कृती देवमध्ये त्यातल्या ‘ट्र’ची खूण कीबोर्डच्या कुठल्याच बटणावर नाही. ऑल्ट दाबून आकड्यांच्या पॅडवर ०१७० मारायचं, मग ती उमटते. माझ्या उजव्या हाताला तो आकडा पाठ आहे, डोळे मिटून मारते. पण ती विंडोजची सोय आहे, लिनक्समध्ये तसा आकडा मारून काही उमटत नाही. दिवसातून पन्नास वेळा लिहावा लागणारा शब्द, प्रत्येक अर्जाच्या वर असणारा, आणि तो लिहायला मी दुसऱ्या कागदावरून उचलून डकवतेय!

मग करा युनिकोड, म्हणतात सगळे. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, इंग्रजीचा मुखवटा नाही. करायचंच आहे मला. पण जुन्या कागदांचं काय? ‘तिर्लोट’ हा एवढासा शब्द घ्या. कृती देवमध्ये तो असा साठवलेला: आधी वेलांटी, मग त, मग ल, त्याला काना, त्यावर मात्रा, मग रफार, शेवटी ट. युनिकोडमध्ये क्रम असा: त, वेलांटी, र, हलन्त, ल, ओकार, ट. वेलांटी पुढची मागे जायला हवी आणि रफार मागचा पुढे. हे उलटंपालटं करून देणारी कन्व्हर्टर असतात. मी एकात ते मृत्युपत्र घातलं. ‘तिलोर्ट’ आलं. गावाचं नाव! मृत्युपत्रात! गावाचं नाव चुकलं, सर्व्हे नंबरापुढची एक रेघ इकडची तिकडे झाली की उद्या तीन भाऊ कोर्टात उभे राहतील. म्हणजे प्रत्येक कागद छापून, जुन्याशी ओळ-ओळ ताडून बघायचा. सहा हजारांवर फाइली आहेत माझ्याकडे. कुणाच्या पुढच्या पिढीला कुठला कागद कधी लागेल सांगता येत नाही, टाकून देऊ शकत नाही.

आणि हात? त्यांचं कोण बोलतं? माझं शिक्षण रेमिंग्टनच्या मशीनवर झालं, लोखंडी बटणं, तीस शब्दांची परीक्षा, चाळीसची परीक्षा. कृती देवची बटणंही त्याच मांडणीची. तेव्हापासून वेलांटी आधी, अक्षर नंतर. कागदावर जसं डावीकडून दिसतं तसं. युनिकोडसाठीची कीबोर्डची मांडणी म्हणजे इनस्क्रिप्ट, त्यात अक्षर आधी, वेलांटी नंतर. त्यात सगळ्यात छळ म्हणजे बटण तेच आहे. वेलांटी दोन्हीकडे एफच्या जागी, र दोन्हीकडे जेच्या जागी. हाताला वाटतं आपल्याच घरात आहोत, आणि प्रत्येक ‘ति’, ‘कि’, ‘वि’ चुकतो. बटण वेगळं असतं तर बोटांनी नव्यानं शिकून तरी घेतलं असतं. मिनिटाला चाळीस शब्द मारणारी बाई मी, त्या रात्री एका मिनिटात अकरा शब्द झाले.

माझा खरा संताप इथे आहे. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, साल १९९१. इनस्क्रिप्टची मांडणी ज्यात दिली आहे ते भारतीय मानकही १९९१ चं. लिनक्ससुद्धा त्याच वर्षी हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं जाहीर केलं. म्हणजे मी टायपिंगच्या वर्गात पाऊल टाकलं तेव्हा या सगळ्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती! वर्गातल्या एकानंही सांगितलं नाही की बाई गो, हे शिकतेयस ते एका फॉन्टपुरतं आहे, उद्या मशीन बदललंस तर तुझं लिहिलेलं तुलाच वाचता येणार नाही. आम्ही फी भरली होती. कोकणातल्या मुली त्या प्रमाणपत्राच्या जोरावर नोकरी शोधत होत्या. केरळात सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतात, मल्याळममध्ये टाइप करतात. आमच्या पोरांना आम्ही काय दिलं? ऑल्ट ०१७०.

आणि अजून तेच चाललंय. परवाच एका कार्यालयातून माझा युनिकोडमधला मसुदा परत आला, “आमच्याकडच्या फॉन्टमध्ये करून आणा” म्हणून. ज्यांनी आम्हाला पुढे न्यायचं ते आम्हाला मागे ओढतात, आणि मशीन बदलायची वेळ आली की खर्च आमचा.

प्रिंटरचंही सांगते. प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो ना तो छोटा पांढरा लेझर प्रिंटर, तो स्वतःचीच भाषा बोलतो, लिनक्सला सहज कळत नाही. भाचा म्हणे होतं, खटपट करावी लागते. पत्रिकांच्या सॉफ्टवेअरला मागे डोंगल आहे, म्हणजे यूएसबीत लावायची किल्ली, ते विंडोजशिवाय उघडतच नाही. पैसे मोजून घेतलंय ते मी. ते दोन प्रश्न मी बाजूला ठेवलेत, प्रिंटर बदलेन, पत्रिका जुन्या विंडोजवर नेट काढून करेन. पण सहा हजार कागद आणि दोन हात बदलून आणायला बाजारात मिळत नाहीत.

‘विंडोजच बरं होतं, कशाला नको ते उद्योग’ असं समोरचा झेरॉक्सवाला म्हणाला, त्याच्यावरही मी चिडले. विंडोजवर राहिले तरी हा गुंता तसाच आहे, फक्त दिसत नाही. लिनक्सनं तो माझ्यासमोर उघडा केला इतकंच. फॉन्ट नसलेल्या कुणाच्याही मशीनवर, कुणाच्या मोबाइलवर तो कागद पाठवला तरी चिवडाच दिसतो. म्हणून तर आजवर सगळ्यांना पीडीएफ करून देत आलो आपण, कारण न कळता.

आता मोहोर धरलाय. मार्चपासून मे संपेपर्यंत बागायतदार दाराशी उभे असतात, लेबलं, बिलं, गाडीच्या चिठ्ठ्या, तेव्हा हाताला अकरा शब्दांचा वेग चालणार नाही. म्हणून रोज रात्री आठला शटर अर्धं खाली ओढते आणि पेन ड्राइव्ह लावून बसते. अर्धा तास इनस्क्रिप्ट. काल सतरा शब्द झाले. नंतर दोन जुने कागद युनिकोडमध्ये, छापून, पट्टी ठेवून ओळ-ओळ ताडून. तिर्लोटच्या आजोबांचं मृत्युपत्र पहिलं घेतलं. चार पानांत गावाचं नाव नऊ ठिकाणी होतं, नऊच्या नऊ वेळा हातानं दुरुस्त केलं. त, वेलांटी, र, हलन्त, ल, ओकार, ट.