‘लेबल लावून पाहिलं, काही फरक पडला नाही’ हे अर्धसत्य आहे

अमेरिकेतल्या गोमांसाच्या आयातीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. मांसावर मूळ देशाचं नाव छापायची सक्ती २००९ ते २०१५ करून पाहिली, पशुपालकाला दमडीचा फायदा झाला नाही, उलट जागतिक व्यापार संघटनेने दंड ठोकला. बाहेरून येतं ते फक्त हॅम्बर्गरच्या खिम्याचं मांस. आणि गुरांचे भाव आज विक्रमी आहेत, मग छोट्या पशुपालकाची तक्रार कसली? यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ते चटकन पटतं.

भावापासून सुरुवात करू. भाव विक्रमी आहेत ते गुरं उरली नाहीत म्हणून. १ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या गुरांची संख्या सुमारे ८ कोटी ६७ लाख होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी. दुष्काळात कुरणं वाळली, चारा परवडेना, लोकांनी गाई विकल्या आणि पुढच्या वेतासाठी राखायच्या कालवडीही विकल्या. मांसासाठी गाई पाळणारी शेतं २०१७ च्या कृषिगणनेत सुमारे ७ लाख २९ हजार होती, २०२२ च्या गणनेत ती ६ लाख २२ हजारांवर आली. पाच वर्षांत लाखाहून जास्त ठिकाणी गाई ठेवणं बंद झालं. आजचा भाव टिकून राहिले त्यांना मिळतो आहे. जे उठले त्यांच्या हाती तो पडलेला नाही, आणि त्यांच्यासह सगळ्यांची भरभराट झाली असं सांगणं अन्यायाचं आहे.

जे टिकले त्यांनाही तो निवांत मिळू दिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्जेंटिनाच्या गोमांसाचा सवलतीच्या शुल्काचा कोटा २० हजार टनांवरून ८० हजार टनांवर नेण्याचा बेत जाहीर झाला. वाढीव कोट्यातला एक टनही बंदरात उतरलेला नसताना शिकागोच्या वायदेबाजारात गुरांचे भाव कोसळले. आयातीचा भावावर परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी तो आठवडा पाहावा. कालवड राखायची म्हणजे तिच्या पहिल्या वासराचे पैसे हाती यायला दोन-तीन वर्षं थांबायचं. धोरण महिन्या-महिन्याला फिरत असेल तर कोण थांबेल?

‘फक्त खिम्याचं मांस येतं’ हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण छोट्या माणसाचं नुकसान नेमकं इथे लपतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्राझीलमधून येणारं बरंचसं मांस बिनचरबीचं असतं. फीडलॉटमध्ये, म्हणजे कत्तलीआधी गुरं पुष्ट करायच्या मोठ्या गोठ्यांत, मका खाऊन लठ्ठ झालेल्या जनावरांच्या चरबीदार कापांत ते मिसळून खिमा करतात. त्या चरबीदार कापांना त्यामुळे किंमत येते, हेही मान्य. पण त्याचा लाभ मुख्यतः फीडलॉटवाल्याला आणि कत्तलखान्याच्या कंपनीला. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाईंचा सरासरी कळप पन्नाशीच्याही आत आहे, आणि असा पशुपालक दोनच गोष्टी विकतो. एक म्हणजे वासरं, दुसरी म्हणजे भाकड गाय. हिवाळ्याआधी डॉक्टर गाई तपासतो. जी गाभण नाही तिला सहा महिने विकतचा चारा घालणं परवडत नाही, म्हणून ती ट्रेलरमध्ये चढते आणि जवळच्या लिलावात वजनावर विकली जाते. तिचं मांसही बिनचरबीचंच, आणि तेही खिम्यातच जातं. गोठवलेल्या ठोकळ्यांतून येणाऱ्या परदेशी मांसाची थेट स्पर्धा आहे ती या गाईशी. वासराचा भाव पडलेल्या वर्षी हिच्याच पैशावर घर चालतं.

आता लेबल. सक्तीमुळे ग्राहकांची मागणी वाढल्याचा ठोस पुरावा सापडला नाही, असा अर्थतज्ज्ञांचा अहवाल अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१५ मध्ये संसदेला दिला. अहवाल खोटा नाही. पण नियम कसा होता? हॉटेलं, कँटीन यांना तो लागूच नव्हता, प्रक्रिया केलेल्या मांसालाही नव्हता. खिम्याच्या पाकिटावर तर गेल्या ६० दिवसांत ज्या-ज्या देशांचा माल साठ्यात होता, त्या सगळ्यांची नावं छापायची मुभा होती. जन्म कुठे, वाढ कुठे, कत्तल कुठे, हे तिन्ही स्पष्ट सांगणारं लेबल २०१३ मध्ये आलं आणि २०१५ च्या डिसेंबरात गेलं. कर्नाटकचा आंबा आणि देवगडचा हापूस एकाच पेटीत भरायला परवानगी द्यायची, पेटीवर दोन्ही नावं छापायची आणि मग म्हणायचं, बघा, देवगडला जास्त भाव कुणी देत नाही. त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या बाजूनेही अतिशयोक्ती होते. सक्ती उठली म्हणून भाव कोसळले, असं काही पशुपालक संघटना सांगतात. ते मला पटत नाही. भाव २०१५ मध्ये आधीच उतरू लागले होते, कारण कळप पुन्हा वाढत होते. लेबलाने कुणी श्रीमंत होणार नाही. पण आपला माल वेगळा ओळखता यावा, एवढा हक्क पशुपालकाला हवा.

‘दंड’ ही तर सरळ चूक. जागतिक व्यापार संघटना दंड करत नाही. तिने कॅनडा आणि मेक्सिकोला मिळून वर्षाला सुमारे १०१ कोटी डॉलरचं प्रतिशुल्क अमेरिकी मालावर लावायची परवानगी दिली, आणि त्या धास्तीने अमेरिकी संसदेने गोमांस व डुकराचं मांस नियमातून वगळलं. शेळी, मेंढी आणि कोंबडीच्या मांसावर मूळ देश छापायची सक्ती आजही आहे. मुख्य म्हणजे ग्राहकाला मूळ देश सांगणं हा रास्त हेतू आहे, हे याच संघटनेच्या अपील मंडळाने २०१२ मध्ये मान्य केलं होतं. आक्षेप असा होता की परदेशी जनावरांच्या नोंदी ठेवायचा जाच मोठा, आणि सवलतींमुळे त्यातली फार थोडी माहिती ग्राहकापर्यंत पोहोचते. म्हणजे तो नियम अर्धवट आणि भेदभाव करणारा ठरला. लेबल छापणंच बेकायदा, असं कुणी ठरवलेलं नाही.

राहता राहिला नवा नियम. १ जानेवारी २०२६ पासून ‘अमेरिकेचं उत्पादन’ असं लिहायचं तर जनावराचा जन्म, वाढ, कत्तल आणि प्रक्रिया अमेरिकेतच व्हायला हवी. त्याआधी बाहेरून आलेलं मांस अमेरिकेतल्या कारखान्यात नुसतं कापून-बांधूनही हे शब्द छापता येत, म्हणून हा बदल चांगला आहे. पण तो ऐच्छिक आहे. काहीच न छापता परदेशी मांस विकायला आडकाठी नाही. फीडलॉटमधल्या जनावरांपैकी जवळपास ८५ टक्के ज्या चार कंपन्या कापतात, त्या देशी माल घेतात आणि परदेशीही आणतात. पाकीट कोरं ठेवणं त्यांना सोयीचं आहे. सक्ती पुन्हा आणणारं, पण ती व्यापार संघटनेच्या चौकटीत बसवण्याची अट घालणारं विधेयक साउथ डकोटाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन थून यांनी २०२१ पासून वारंवार मांडलं आहे. आज ते सिनेटमधल्या बहुमताचे नेते आहेत, त्यामुळे त्यांनी ते मतदानाला आणावं.