तीन काता, दहा वर्षे आणि एक यलो बेल्ट

कराटेच्या वर्गातील मुलांची बेल्टची परीक्षा किती दिवसांनी घ्यावी, या प्रश्नावर रविवारी आमच्या कट्ट्यावर जो वाद पेटला, त्याला काडी आमच्या सेन्सेईनेच लावली. सेन्सेई हे त्याला आम्ही ठेवलेले नाव. तो एका सोसायटीच्या हॉलमध्ये शाळकरी मुलांचा वर्ग घेतो, आणि यंदा त्याने मुलांना पहिल्याच कातावर, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या पहिल्याच मालिकेवर, थांबवून ठेवल्यामुळे पालक कुरकुर करू लागले आहेत. वकिलाने लगेच पालकांचे वकीलपत्र घेतले. फी भरणाऱ्याला प्रगती दिसली पाहिजे आणि लहान मुलाला ती कमरेच्या रंगावरूनच कळते, असे त्याचे म्हणणे होते.

निवृत्त पीटी शिक्षक असलेल्या आमच्या मास्तरांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी थेट आधुनिक कराटेचे जनक मानले जाणाऱ्या गिचिन फुनाकोशींचा दाखला काढला. ओकिनावातील शुरी येथे 1868 साली जन्मलेले आणि पेशाने शिक्षक असलेले फुनाकोशी तरुणपणी रात्रीच्या वेळी आपले गुरू अंको अझातो यांच्या घरी शिकायला जात. अंगणात शिष्याने तोच काता आठवडेच्या आठवडे करायचा, गुरूने सज्ज्यात बसून पाहायचे आणि बहुतेक वेळा ‘पुन्हा कर’ एवढेच म्हणायचे, असा तो प्रकार होता. ज्यांना पुढे तेक्की म्हणू लागले, त्या तीन काता शिकायला आपल्याला दहा वर्षे लागली, असे फुनाकोशींनी स्वतःच लिहून ठेवले आहे. “आमच्या तालमीतल्या वस्तादाने जोर-बैठका पुऱ्या झाल्या म्हणून कुणाला रंगीत पट्टा दिल्याचे ऐकले आहेस का?” असे मास्तरांनी वकिलाला विचारले, तेव्हा कट्ट्याचे मत त्यांच्याकडे झुकले होते.

वकिलाने मात्र उत्तर तयार ठेवले होते. अझातोंच्या अंगणात एकच शिष्य होता. वर्गात चाळीस मुले उभी असली, तर त्या अंगणातील पद्धत तेथे चालणार कशी? आणि हा प्रश्न मुळात सोडवला तो फुनाकोशींचेच दुसरे गुरू अंको इतोसू यांनी. 1901 च्या सुमारास ओकिनावातील शाळेत कराटे शिरले ते त्यांच्यामुळे, आणि जुन्या लांब काता मुलांना झेपणार नाहीत हे ओळखून त्यांनी पिनान या नावाच्या पाच आटोपशीर काता बसवल्या. 1908 मध्ये त्यांनी शिक्षणखात्यासाठी लिहिलेल्या दहा कलमी पत्रात तर अशा शिक्षणाचा पुढे लष्करी सेवेलाही उपयोग होईल, असा मुद्दा आहे. गुप्तपणे, माणूस पारखून देण्याची विद्या त्यांनी रांगेत उभे करून, हुकमावर शिकवण्याजोगी केली. माझ्या मते वकिलाचा त्या दिवशीचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता, कारण शिष्याला वर्षानुवर्षे रखडवणारा गुरू आणि मुलांसाठी सोपे करून देणारा गुरू हे दोघेही येथे एकाच शिष्याचे, फुनाकोशींचे, गुरू आहेत.

सेन्सेईची शैली गोजु-र्यू असल्यामुळे त्याने त्या शैलीचे संस्थापक चोजुन मियागींचे उदाहरण पुढे केले. मियागींकडे सगळा भर सांचिन या कातावर असे. पावले थोडी, हालचाली संथ, पण श्वास, पोट, मांड्या आणि खांदे एकाच वेळी ताब्यात ठेवायचे. गुरू मागे उभा राहून शिष्याच्या खांद्यांवर आणि पाठीवर थापा मारून बांधणी तपासणार. त्यानंतरचा काता शिष्याची अंगकाठी आणि स्वभाव पाहून निवडला जाई, त्यामुळे त्यांच्या दोन शिष्यांचे कराटे सारखे दिसेलच असे नव्हते. त्याच मियागींनी 1940 च्या सुमारास नवशिक्यांसाठी गेकिसाई हे दोन सोपे काता रचले. “सोपे करायला माझी हरकत नाही,” असे सेन्सेई म्हणाला, “पण गेकिसाई करून घेऊन सांचिन झाल्याचा दाखला मी देणार नाही.” मला हे पटते. सोपा अभ्यासक्रम ही फसवणूक नव्हे. सोप्या अभ्यासक्रमावर अवघडाचे लेबल चिकटवणे ही आहे, आणि गल्लोगल्लीच्या वर्गांत नेमके तेच सर्रास चालते.

थापांचा विषय निघताच डॉक्टर मध्ये पडला. मोठ्या माणसाची बांधणी तपासणे वेगळे आणि वाढीच्या वयातील मुलाला फटके देणे वेगळे, हे शिक्षकाला कळत नसेल, तर त्याचा दान, म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, कितवा आहे याला काही अर्थ नाही, असे त्याने ठणकावले. मासुतात्सु ओयामांच्या क्योकुशिन या कराटेच्या शैलीत अंगावर पूर्ण जोराने प्रहार होतात आणि शंभर जणांशी ओळीने लढण्याची कसोटी असते. पण तेथेही डोक्यावर मुठीने मारायला बंदी आहे, याची त्याने आठवण करून दिली. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाच्या अंतिम लढतीत सौदीच्या तारेग हमेदीने लाथेने इराणच्या सज्जाद गंजजादेला बेशुद्ध पाडले आणि अतिजोराच्या प्रहाराबद्दल तोच बाद झाला. सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्याला मिळाले. यावर कट्टा अर्धा तास घसरला असता, परंतु मास्तरांनी सर्वांना पुन्हा बेल्टवर आणले.

ते त्यांना महागात पडले. वकिलाने विचारले, “मास्तर, कराटेत दान देण्याची पद्धत कुणी सुरू केली ते सांगता?” ती फुनाकोशींनीच, ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्या पद्धतीवरून घेतली. 1922 मध्ये ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला आले आणि एप्रिल 1924 मध्ये त्यांनी पहिले ब्लॅक बेल्ट वाटले, म्हणजे तीन कातांना दहा वर्षे घालवलेल्या माणसाने पुरती दोन वर्षेही थांबण्याचा आग्रह धरला नाही! मास्तर क्षणभर निरुत्तर झाले. त्यांची सुटका केली ती सेन्सेईने. त्या पहिल्या मानकऱ्यांत माकोतो गिमा होते, जे मूळचे ओकिनावाचे आणि तेथेच कराटे शिकून आलेले. हिरोनोरी ओत्सुका होते, ज्यांच्यामागे जुजुत्सूची कित्येक वर्षांची मेहनत होती. कोऱ्या पाटीवर दोन वर्षांत काळा पट्टा उमटला, असे निदान या दोघांबद्दल तरी म्हणता येणार नाही.

वकिलाने उरलेल्यांचे काय, असे विचारले. त्यावर मास्तर म्हणाले की, उरलेल्यांचे फुनाकोशींनी पाहिले, या मुलांचे सेन्सेई पाहील. शेवटी सेन्सेईने पुढच्या महिन्यात पालकांना हॉलमध्ये बोलावून मुलांचा तोच एक काता दाखवायचे कबूल केले. यलो बेल्टची तारीख मात्र त्याने वकिलालाही सांगितली नाही.